प्रवरेचं मूळ, काजवे आणि सांदण : भंडारदऱ्यात तीन दिवस, सल्ला हवाय

रिकामी_पिशवी | 11 मे, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. मे अखेरीस तीन दिवस भंडारदऱ्याला जायचं घाटतंय. माणसं चार. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई (वय 71, गुडघे कुरकुरतात पण ती कबूल करत नाही). डोंबिवलीहून आमच्याच गाडीने.

बेत असा आहे: पहिल्या दिवशी पहाटे निघून वाटेत कळसूबाई, रात्री काजवे. दुसऱ्या दिवशी सांदण दरी, संध्याकाळी तलावात होडी. तिसऱ्या दिवशी रतनगड, अमृतेश्वराचं देऊळ, रंधा धबधबा, अंब्रेला फॉल, घाटघरचा कोकणकडा आणि परत.

हा बेत नवऱ्याने व्हिडिओ बघून आखलाय. लेकीला फक्त काजवे हवेत. आईची मागणी वेगळीच आहे. तिचं माहेर संगमनेर. पोहायला ती प्रवरेतच शिकली. परवा भाजी निवडताना म्हणाली, "सगळं आयुष्य त्या नदीचं पाणी प्यायले, ती येते कुठून ते काही पाहिलं नाही." तर प्रवरेच्या उगमापर्यंत आईला नेता येईल का? बाकी बेत जमण्यासारखा आहे का? राहायची सोय सुचवा.

---

कातळखोबण | 11 मे, रात्री 10:58

बेत वाचून माझेच गुडघे दुखायला लागले.

ताई, कळसूबाई 1646 मीटर. बारी गावातून चढायला धडधाकट माणसाला तीन तास. मे महिन्यात सकाळी नऊनंतर तिथल्या लोखंडी शिड्यांना हात लावून बघा, तव्यावर ठेवल्यासारखा वाटतो. जायचं तर पहाटे चारला टॉर्च घेऊन चढायला लागायचं. डोंबिवलीहून पहाटे निघून ते होत नाही, आदल्या रात्री बारीत मुक्काम हवा.

रतनगडाला अख्खा दिवस द्या. देऊळ, दोन धबधबे, कोकणकडा आणि डोंबिवली हे सगळं त्याच दिवशी उरकणारा माणूस मला भेटायला आवडेल.

सांदणबद्दल नीट बसून लिहितो. घाईत लिहायचा विषय नाही.

---

चहाचीचूळ | 11 मे, रात्री 11:15

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याही घरी असाच एक व्हिडिओ बघणारा नवरा आहे.

---

कातळखोबण | 12 मे, सकाळी 7:40

हां, सांदण.

साम्रद गावाच्या सपाटीला एक भेग पडली आहे. वरून चालत आलात तर दरी आहे हे कळतही नाही. पायाखाली एकदम जमीन संपते आणि दोन कातळभिंतींच्या मध्ये वाट उतरू लागते. भिंती दोनशे-तीनशे फूट उंच, मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे कातळ लागतो. ऊन तळापर्यंत जेमतेम पोचतं. तळाशी वाट अशी नाहीच, घरंगळून आलेले धोंडे. काही टीव्हीएवढे, काही टेम्पोएवढे. त्यावरून उड्या मारत जायचं.

सुरुवातीला पाण्याचे दोन टप्पे लागतात. पावसाळ्यानंतर दुसऱ्यात छातीपर्यंत पाणी असतं आणि ते बर्फासारखं. मे महिन्यात दोन्ही आटलेले असतात, म्हणून लोकांना मे सोपा वाटतो. पुढे दोर लावून उतरायचे टप्पे आहेत, मोठा चाळीस-पन्नास फुटांचा. तिथून खाली गेलात तर परत त्याच वाटेने येत नाहीत. खाली मुक्काम करून करोली घाटाने साम्रदला चढायचं किंवा सरळ डेहण्याकडे उतरून आसनगाव गाठायचं. हे दोन दिवसांचं, दोर आणि जाणती माणसं बरोबर असतील तरच करायचं काम. घरच्या मंडळींनी पहिल्या पाण्यापर्यंत जाऊन मागे फिरावं. तेवढ्यातही सांदण कळते.

आता तुमच्या तारखांबद्दल. मे अखेर म्हणजे वळवाचे दिवस. दुपारी तीनला ढग भरून येतात. त्या भेगेत वरच्या पठाराचं पाणी उतरतं आणि बाजूला पळायला जागाच नाही. भिंत चढता येत नाही, धोंड्यांवरून धावता येत नाही. आभाळ दिसतं ते डोक्यावरच्या चिंधीएवढं, त्यावरून रतनगडावर काय भरलंय ते कळत नाही. त्यामुळे जायचं तर सकाळी सातला आत आणि दहाला बाहेर. गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय नाही. तो म्हणाला "आज नको", तर चर्चा नाही.

---

वाळवंटी_मोगरा | 12 मे, सकाळी 9:05

कातळखोबण यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी ॲरिझोनात राहते. इथे अँटिलोप कॅन्यन म्हणून अशीच चिंचोळी घळ आहे, फक्त ती वालुकाश्मातली, आपली सांदण काळ्या बेसाल्टमधली. 12 ऑगस्ट 1997 ला तिथे लोंढा आला आणि अकरा पर्यटक गेले. घळीपाशी पाऊस जेमतेमच होता. खरा पाऊस पडला होता काही मैलांवर. त्यानंतर तिथे वाटाड्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत आणि वर पाऊस दिसला की सगळं बंद.

सांदण मी 2011 साली केली होती, डिसेंबरात. दुसऱ्या पाण्यात बॅग डोक्यावर धरून गेले, बूट काढायला विसरले आणि पुढचे दोन दिवस पचपचत चालले. तरी आज इथे कोणी "स्लॉट कॅन्यन" म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे साम्रदच येतं.

---

भातखाचर | 12 मे, रात्री 9:30

मी अकोले तालुक्यातला, पश्चिमेकडचा. नोकरीला नाशकात, पण महिन्यातून दोनदा गावी असतो. धागा सकाळीच वाचला, लिहायला आता वेळ मिळाला. लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं आईंचं. ताई, त्यांना मेमध्ये आणू नका. उन्हाचं कारण तर आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे त्यांना दाखवायला तेव्हा काही नसतं. प्रवरा रतनगडाच्या अंगावरून निघते आणि रतनवाडीजवळून धरणात उतरते. मेमध्ये तिथं नुसते गोटे असतात. धरणाचं पाणीही मागं सरकलेलं, काठाला भेगाळलेला चिखल. त्या माउलीनं आयुष्यभर नदी पाहिली आणि तुम्ही उगमाला नेऊन गोटे दाखवणार का? ऑक्टोबरात आणा. रतनवाडीपर्यंत गाडी जाते. अमृतेश्वराचं देऊळ रस्त्यालाच आहे आणि तिथून गडाच्या वाटेनं थोडं गेलं की ओढा लागतो. तीच प्रवरा. काठी घेऊन त्या सहज येतील.

देवळाला वेळ द्या, फोटो काढून पळू नका. शिलाहारांच्या काळातलं म्हणतात. शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे मोठ्या शिखराच्या अंगावर छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा. आत जायला दोन बाजूंनी दारं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. जवळच पुष्करणी आहे, कोनाड्यांत मूर्ती असलेली. बरेच लोक ती न बघताच जातात.

आता खोऱ्याबद्दल. बाहेरची माणसं येतात ती "पॉइंट" बघायला. आमच्याकडं ठिकाणांपेक्षा दिवस महत्त्वाचे. एकच जागा मे, जुलै आणि ऑक्टोबरात तीन वेगळी गावं वाटतात.

मेमध्ये करवंदं, जांभळं, आळू. राब, म्हणजे भाताचं रोप टाकायचे तुकडे, भाजून झालेले असतात, शेतात काळे चौकोन दिसतात. माणसं घरं शाकारण्यात, सरपण आत घेण्यात. मेच्या शेवटी एखादा वळीव झाला की काजवे निघतात आणि जूनच्या मध्यापर्यंत असतात. जोराचा पाऊस लागला की संपलं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही त्यांची झाडं.

जुलै-ऑगस्टात आवणी, म्हणजे भाताची लावणी. घाटघरला पाऊस कसा पडतो ते सांगून कळणार नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, नगरचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. त्याच तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला गेलात तर पावसासाठी आभाळाकडं बघत बसलेली माणसं भेटतील. धबधबे बघायचे ते याच दिवसांत. रंधा मेमध्ये बघून निराश होऊ नका, वीजनिर्मितीला पाणी वळवल्यामुळं एरवी तिथं नुसता कातळ असतो. आणि अंब्रेला फॉल म्हणजे निसर्गाचा धबधबा नव्हेच. धरणाच्या भिंतीतून पाणी सोडलं की खालच्या गोल खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं. सोडलं नाही तर छत्री मिटलेली.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी. रतनगडाचा माथा पिवळा होतो. भात निसवलेला असतो, वाऱ्याला वास असतो. काळभात, आंबेमोहोर, जिरवेल, रायभोग ही आमची जुनी वाणं, आता पुन्हा लावायला लागलेत लोक. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती असलंच बियाणं राखल्याबद्दल.

राहायचं म्हणाल तर काठावरच्या तंबूंपेक्षा साम्रद, रतनवाडी, घाटघर किंवा शेंडीत कुणाच्या घरी राहा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळेल. आधी सांगितलं तर खेकड्याचा रस्सा. पैसे ठरवून घ्या, घासाघीस करू नका.

एवढं सांगून थांबतो. आणखी एक, भंडारदऱ्याच्या ज्या तलावाला तुम्ही सगळे आर्थर लेक म्हणता त्याला आमच्याकडं राघोजी भांगरे जलाशय म्हणतात. राघोजी देवगावचे. इंग्रजांनी 2 मे 1848 ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. इंग्रज साहेबांची नावं सगळ्यांना पाठ, म्हणून सांगितलं.

---

चहाचीचूळ | 12 मे, रात्री 9:52

भातखाचर, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा ना. वाचनखूण साठवली.

---

नेमेचि_येतो | 12 मे, रात्री 10:30

अवांतर आहे, पण घाटघरला जाणारच असाल तर तिथलं एक नवल सांगायला हवं. मी विजेच्या क्षेत्रातला.

घाटघरला वर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा. मध्ये कडा. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, एसी एकदम लागतात तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात. मध्यरात्री गावं झोपली, वीज उरली, की तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. 125 मेगावॉटचे दोन संच. एवढी वीज तशीच साठवणं अवघड म्हणून पाणी उंचावर साठवायचं. पंपाला वीज जास्त लागते आणि परत कमी मिळते, तरी परवडतं, कारण मिळते ती नेमकी हवी तेव्हा. कोकणकड्यावर उभे राहून खाली दिसणारं पाणी कालच तुमच्या पायाशी असेल.

बाकी भंडारदऱ्याचं धरण 1926 चं. 11,039 दशलक्ष घनफूट पाणी मावतं, म्हणजे 11 टीएमसी. पावसाळ्यात बातम्यांत "भंडारदरा भरलं" हे ऐकलं की खाली संगमनेर, राहात्यापर्यंत लोकांना हायसं का वाटतं ते या आकड्यात आहे.

---

भातखाचर | 12 मे, रात्री 10:41

हायसं खालच्यांना वाटतं. डोंगर आमचा, पाऊस आमचा, बुडालेली जमीन आमची आणि ऊस खाली. मार्चनंतर धरणाच्या डोक्यावरच्या वाड्यांमध्ये बाया हंडे घेऊन झऱ्यावर असतात. असो. ताईंच्या सहलीत हे नको.

---

रिकामी_पिशवी | 13 मे, सकाळी 8:15

नको कसं, लिहा की. माझी आई त्या खालच्यांपैकीच. तिला काल वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आमच्याकडे नळाला चोवीस तास नदी होती. वर कोण राहतं असं कधी मनात आलं नाही."

नवऱ्याचा बेत मोडीत निघालाय. आता दोन फेऱ्या करू म्हणतोय: जूनच्या सुरुवातीला आम्ही तिघं, फक्त काजवे आणि सांदणीचं तोंड. ऑक्टोबरात आईला घेऊन रतनवाडी. कळसूबाई रद्द. (नवरा म्हणतो "पुढे ढकलली".)

काजव्यांसाठी नेमकं कुठे जायचं? आणि मोबाईलवर फोटो येतात का?

---

दिवाभीत | 13 मे, दुपारी 1:20

मोबाईलवर नाद सोडा. मी सहा वर्षं मेअखेर तिथे जातोय, कॅमेरा घेऊन. जालावर जे फोटो दिसतात, झाडावर हजारो हिरवे-पिवळे ठिपके, ते एका क्षणाचं दृश्य नसतं. तिपाईवर कॅमेरा ठेवून वीस-तीस सेकंदांचे पन्नास-साठ फोटो काढायचे आणि घरी एकावर एक रचायचे. डोळ्यांना तसं दिसत नाही. डोळ्यांना जे दिसतं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त चांगलं: एक झाड एकदम लुकलुकतं, विझतं, आणि लगेच शेजारचं झाड पेटतं. जणू कोणीतरी झाडांवरून हात फिरवत चाललंय.

घाटघरच्या रस्त्याला गर्दी असते. शनिवार-रविवार टाळा. नाहीतर काजवे कमी आणि हेडलाइट जास्त.

---

सह्यवारा | 13 मे, दुपारी 2:45

काजवे दाखवणाऱ्या धाग्यांवरच बंदी हवी. प्रकाश हीच त्यांची भाषा. नर उडता उडता लुकलुकतो, मादी खालून उत्तर देते. तुमच्या गाड्या आणि टॉर्च आले की ते उत्तर बुडतं. बाहेर आल्यावर त्यांच्याकडे दोन-तीन आठवडे असतात, त्यात जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षी तेवढे काजवे कमी. आणि पर्यटकच कशाला, गावकरीसुद्धा जमीन भाजतात, त्यात अळ्या जळतात.

---

भातखाचर | 13 मे, सायंकाळी 6:10

सह्यवारा, पहिलं पटलं. दुसरं नाही.

राब म्हणजे जंगल जाळणं नव्हे. शेतातला एक छोटा तुकडा, जिथं भाताचं रोप टाकायचं, तेवढ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात. तण मरतं, रोप जोमानं येतं. काजव्याच्या अळ्या राहतात ओलाव्यात, झाडाखालच्या कुजक्या पाल्यात, गोगलगायी खाऊन. उन्हानं तापलेल्या शेताच्या तुकड्यात नाही. आमच्या आज्यानं भाजलं, बापानं भाजलं, तेव्हाही काजवे होते. झाडाखाली गाड्या लावायला लागले तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय. घराजवळचा एक उंबर होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्याखाली वीस-वीस गाड्या उभ्या असायच्या. आता अंधारच असतो.

---

सह्यवारा | 13 मे, सायंकाळी 7:02

वणवे लागतात ते राबातूनच पसरून ना?

---

भातखाचर | 13 मे, सायंकाळी 7:20

कधीकधी, हो. वारा असला आणि माणूस निष्काळजी असला तर. ते नाकारत नाही. पण बरेच वणवे विडी टाकणाऱ्याचे आणि चूल न विझवता जाणाऱ्या ट्रेकरचे असतात, तेही लिहा.

---

कातळखोबण | 13 मे, रात्री 8:00

दोघंही बरोबर आहात आणि दोघंही वैतागलेले आहात. ताईंचा प्रश्न राहिला.

ताई, गाडी गावात लावा आणि अंधारात पायी जा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद चिकटवा आणि पायापुरताच लावा. अंगाला डास पळवायचं मलम चोपडून झाडाजवळ जाऊ नका. लेकीला आधी सांगून ठेवा की काजवा धरून बाटलीत घालायचा नाही. आम्ही लहानपणी घालायचो, सकाळी बाटलीत मेलेले किडे असायचे.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून पावती घ्यावी लागते. सुट्टे पैसे ठेवा, रेंजचा भरवसा नाही. पेट्रोल घोटीलाच भरा.

---

रिकामी_पिशवी | 9 जून, रात्री 10:05

आलो जाऊन! 3 ते 5 जून.

आधी फसवणूक सांगते. पहिल्या रात्रीसाठी आम्ही तंबू आधीच ठरवून बसलो होतो (भातखाचर, रागावू नका). "निसर्गाच्या कुशीत" असं लिहिलेलं होतं. कुशीत दोन मोठे स्पीकर होते. रात्री अकरापर्यंत दणदणाट, झाडांना दिव्यांच्या माळा, आणि साडेनऊला एक मुलगा येऊन म्हणाला "चला, काजवे पॉइंट". चाळीस माणसं, चाळीस मोबाईल. आठ-दहा काजवे दिसले. लेक म्हणाली, आई, आपल्या सोसायटीच्या गणपतीला यापेक्षा जास्त लाइटिंग असतं. नाव लिहीत नाही, असे अनेक आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून उठलो आणि साम्रदच्या एका घरी गेलो. संध्याकाळी सहाला वळीव येऊन गेला. जेवण झाल्यावर घरातल्या मावशी म्हणाल्या, "दिवा नको, माझ्या मागं मागं या." दहा मिनिटं आम्ही एकमेकांचे हात धरून चालत होतो. सुरुवातीला काहीच दिसेना. मावशींनी एका बांधावर बसवलं. लेकीची चुळबुळ चालू. पाऊण तास गेला असेल. आणि मग समोरचं झाड, मावशी म्हणाल्या सादडा, एकदम श्वास घेतल्यासारखं उजळलं. विझलं. मग त्याच्या पलीकडचं. दिवाभीत, तुम्ही लिहिलेला तो झाडांवरून फिरणारा हात दिसला. नवऱ्याने खिशातून मोबाईल काढलाच नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते.

सांदणीत पहाटे साडेसहाला शिरलो, मावशींच्या मुलाबरोबर. पाण्याच्या जागा कोरड्या होत्या, तळाशी नुसता गार चिखल. बाहेर घाम आणि आत फ्रिज उघडल्यासारखं. शंभरेक पावलं गेलो असू. लेकीने ओरडून प्रतिध्वनी ऐकला, मग स्वतःच घाबरून गप्प बसली. तेवढ्यात तो मुलगा वर बघून म्हणाला, "रतनगडावर काळं आलंय, फिरू." आम्हाला वर निळं आभाळ दिसत होतं. मला दोन क्षण वाटलं, लवकर घरी जायचं असेल याला. पण कातळखोबण यांचं "चर्चा नाही" आठवलं. मुकाट फिरलो. घरी पोचून चहा टाकेपर्यंत धोधो.

---

कातळखोबण | 9 जून, रात्री 10:31

त्या पोराला माझा नमस्कार सांगा.

---

वाळवंटी_मोगरा | 10 जून, सकाळी 6:50

वाचताना पोटात गोळा आला. बरं झालं फिरलात.

---

दिवाभीत | 10 जून, सकाळी 9:12

पाऊण तास बसलात हेच खरं. लोक पाच मिनिटांत "इथे काही नाही" म्हणून गाडी वळवतात, आणि गाडी वळवताना हेडलाइट नेमका झाडावर.

---

रिकामी_पिशवी | 20 ऑक्टोबर, रात्री 9:40

धागा वर काढते आहे. आईचा भाग राहिला होता.

परवा जाऊन आलो. घोटी, शेंडी, मग तलावाला वळसा घालून रतनवाडी. काठोकाठ भरलेलं पाणी, त्यात रतनगड उलटा. गडाच्या शेंड्यावर ते आरपार भोक, नेढं, खालून सुईच्या नेढ्याएवढंच दिसतं. उतारावर सोनकी संपत आली होती, पण रस्त्याच्या कडेला बऱ्यापैकी शिल्लक. भात पिवळा पडायला लागलेला. आईने गाडी थांबवून एक लोंबी दाताखाली धरली आणि म्हणाली, "आठ दिवस थांबतील अजून."

देवळात ती तासभर बसली. खांबांवरचं कोरीव काम हाताने चाचपत होती, मला वाटलं गुडघ्यासाठी आधार घेतेय. मग ओढ्याकडे गेलो. गावातल्या एका आजोबांनी काठी दिली. वीस मिनिटं लागली असतील, आईच्या चालीने. गोट्यांवरून स्वच्छ पाणी, घोट्याएवढं, मध्ये मध्ये गुडघाभर. आजोबा म्हणाले, "हीच."

आई म्हणाली, "ही?"

मग तिने साडी वर खोचली, चपला काढल्या आणि काठी टेकत पलीकडे गेली. चार-पाच पावलं. पलीकडून मला ओरडून सांगते कशी, "आमच्याकडे हिला ओलांडायला नाव लागायची गं, पुरात!" आणि तशीच परत इकडे आली. मग परत तिकडे. तीन वेळा. लेकीला वाटलं खेळ आहे, तीही मागे. आजोबा हसत उभे.

नंतर आईने त्यांना विचारलं की उन्हाळ्यात तुम्ही पाणी कुठून आणता. त्यांनी गडाच्या अंगाला बोट दाखवलं, तिथला झरा. "किती लांब?" "चालंल तेवढं." आईने पुढे काही विचारलं नाही. परतीला घोटीपर्यंत बोलली नाही.

---

भातखाचर | 20 ऑक्टोबर, रात्री 10:15

आईंना माझा नमस्कार. पुढच्या वेळी भात काढणीला या म्हणावं, विळा देतो.

काठी परत दिलीत ना? ते आजोबा माझे चुलते असतील, तर ती माझी काठी आहे.

---

रिकामी_पिशवी | 20 ऑक्टोबर, रात्री 10:22

अरे देवा. काठी डिकीत आहे.